गंजलेले मागचे ब्रेक: काय वाचवायचं आणि काय कापायचं

प्रश्न: नमस्कार काका. मी मूळचा साताऱ्याचा, सध्या इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. मागच्या हिवाळ्यात १९७२ ची एमजीबी जीटी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार घेतली. आधीच्या मालकानं ती करोनाच्या आधीपासून हँडब्रेक ओढून गॅरेजमध्ये उभी ठेवली होती. इंजिन सुरू होतं, पण मागचं डावं चाक पूर्ण जाम आहे. ब्रेकच्या ड्रमचा (चाकासोबत फिरणाऱ्या, ब्रेक झाकणाऱ्या लोखंडी भांड्याचा) एक स्क्रू निघाला, दुसऱ्याचं डोकं ड्रिल करून उडवलं, तरी ड्रम हलत नाही. मागचा ॲडजस्टर (ब्रेक सैल-घट्ट करायचा स्क्रू) फिरवायला गेलो तर त्याचं चौकोनी टोकच गोल झालं. जोरात हातोडी मारायला भीती वाटते. एक मित्र म्हणतो, चाळीस वर्षांपुढच्या गाडीला एमओटी (इथली दरवर्षीची सक्तीची तपासणी) लागत नाही, चाक एकदा सुटलं की थोडं साफ करून चालव. काय करू?

उत्तर: तुमच्या मित्राच्या सल्ल्यापासून सुरू करतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. मे २०१८ पासून ब्रिटनमध्ये चाळीस वर्षं पूर्ण झालेल्या आणि फारसा बदल न केलेल्या गाड्यांना दरवर्षीच्या एमओटी तपासणीतून सूट मिळाली, हे खरं. पण गाडी रस्त्यावर चालवण्यालायक ठेवायची कायदेशीर जबाबदारी मालकाचीच राहिली. पूर्वी वर्षातून एकदा कोणीतरी तिऱ्हाईत माणूस तुमच्या गाडीखाली टॉर्च मारून ब्रेकचे पाइप बघायचा. आता तो माणूस राहिला नाही, म्हणून ते काम तुम्हालाच करायचं आहे. जे चाक इतकी वर्षं जाम होतं, त्याच्या आतलं ब्रेकचं सामान ‘थोडं साफ करून’ चालवण्यासारखं नसतं. ड्रम निघाला की तुम्हाला ते डोळ्यांनी दिसेलच.

तुमची भीती मला समजते आणि ती योग्यही आहे. मात्र हातोडी कशावर मारायची आणि कशावर नाही, हे ठरवता येतं. कॉव्हेंट्रीजवळच्या एका जुन्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये मी बरीच वर्षं काम केलं. बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकलेल्या रस्त्यांवर हिवाळे काढलेल्या गाड्या तिथं यायच्या. तिथले जुने मिस्त्री पाना हातात घेण्याआधी एक गोष्ट करायचे, आणि तीच मी तुम्हाला सांगतो. चाकामागच्या सामानाचे दोन भाग पाडा. चाकाचा सिलिंडर, ब्रेक शू (सिलिंडर ज्यांना ड्रमच्या आतून दाबतो ते दोन वक्र तुकडे, त्यांवरचा घासणारा थर म्हणजे लायनिंग), स्प्रिंगा, ब्रेकचा पाइप, हँडब्रेकच्या टोकाची पिन, ॲडजस्टर, हे सगळं बदलायचं सामान आहे. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यात पाच लाखांहून अधिक बनली, त्यामुळे यातली प्रत्येक वस्तू इंग्लंडमध्ये आजही नवी आणि परवडेल अशा भावात मिळते. दुसरा भाग वाचवायचा: ॲक्सलचा हब (ज्यावर चाक बसतं तो मधला भाग) आणि त्यामागचं ऑइल सील, चाकाचे स्टड (ज्यांवर चाकाचे नट बसतात), बॅकप्लेट (ब्रेकचं सामान जिच्यावर बसतं ती मागची तबकडी), आणि जमलं तर ड्रम. पहिल्या भागातली कुठलीही वस्तू वाचवण्यासाठी दुसऱ्या भागाला धक्का लावू नका. बिघडलेली बहुतेक कामं मी पाहिली ती याच्या उलट केल्यामुळे बिघडलेली. स्वस्तातला सिलिंडर शाबूत निघावा म्हणून बॅकप्लेट वाकवलेली, जुना पाइप वाचवायचा म्हणून अर्धा दिवस झटापट आणि शेवटी नटाचे कोपरे गेलेले.

आता गाडी उचलायची. हँडब्रेक सोडायचा आहे, मागची चाकं हवेत असणार, म्हणजे गिअरमध्ये टाकूनही गाडी थांबणार नाही. गाडीला धरून ठेवणारी फक्त पुढची दोन चाकं उरतात. त्या दोन्हींना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा, जमीन सपाट असू द्या आणि गाडी जॅकवर न ठेवता ॲक्सलखाली घोड्या (ॲक्सल स्टँड) लावून त्यांवर उतरवा. तुमच्या मॉडेलमध्ये सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, त्यांची तार काढून ठेवा. आणि पेट्रोलची टाकी डिकीच्या तळाखाली, तुम्ही काम करणार त्याच्या अगदी जवळ आहे. याकडे पुन्हा येतो.

ड्रम नेमका कशामुळे अडलाय ते शोधा. हे न करता लोक ठोकत बसतात. आधी हँडब्रेकची दांडी खाली असली तरी केबल सुटली आहे का, ते बघा. केबल तिच्या आवरणात गंजून ओढलेलीच राहते, आणि आत शू दाबलेलेच असतात. बॅकप्लेटमागे दिसणाऱ्या छोट्या दांडीला केबल एका पिनेनं जोडलेली असते. ती पिन काढा. कॉटर पिन तुटणार, पिन फिरणार नाही, तेव्हा सरळ हॅक्सॉनं कापा. मग चाकाचे नट पुन्हा हातानं लावून चाक फिरवायचा प्रयत्न करा. चाक फिरत असेल पण ड्रम बाहेर येत नसेल, तर ड्रम मध्यभागी हबच्या कडेला गंजानं चिकटला आहे किंवा ड्रमच्या आतल्या काठाला झिजून जो उंचवटा तयार होतो त्यात शू अडकलेत. चाक मुळीच फिरत नसेल, तर लायनिंगच ड्रमला चिकटलंय. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

तुमच्या वर्णनावरून मला दुसरा प्रकार वाटतो. ओल्या हवेत हँडब्रेक ओढून ठेवलेल्या गाडीत हेच होतं: लायनिंग ओल धरून ठेवतं, त्याखाली ड्रमच्या पृष्ठभागावर गंज धरतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेत असल्यानं फुगून लायनिंगमध्ये घट्ट बसतो. यावर सगळ्यात सौम्य उपाय असा. इंजिन सुरू होतं म्हणता, तर चाकं नीट बसवून, बॅटरी जोडून, गाडी सपाट मोकळ्या जागी जमिनीवर ठेवा. समोर आणि मागे कोणी उभं राहू देऊ नका, गाडीला भरवशाचा ब्रेक नाही हे लक्षात ठेवा. पहिल्या गिअरमध्ये क्लच हलकेच सोडून वजन टाका, मग रिव्हर्समध्ये. झटका द्यायचा नाही. पुष्कळदा एक ‘टक’ असा आवाज येतो आणि चाक सुटतं. नाही सुटलं तर ही पद्धत सोडून द्या. इंजिनचा जोर वाढवत नेला की तो जोर ॲक्सल शाफ्टवर जातो.

मग हातोडी. ड्रम ओतीव लोखंडाचा आहे, तो वाकत नाही, तडकतो. म्हणून ड्रमच्या बाहेरच्या काठावर मागून ठोकायचं नाही, आणि काठात पटाशी किंवा स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचं तर मुळीच नाही. तिथला तुकडा उडतो आणि बॅकप्लेटही वाकते. स्टडच्या मधल्या सपाट भागावर, लाकडाचा तुकडा मध्ये धरून, मध्यम वजनाच्या हातोडीनं मारा. एक घाव, ड्रम थोडा फिरवा, पुन्हा एक घाव. एका जागी दहा घाव मारण्यापेक्षा सगळीकडून एक-एक मारलेला जास्त उपयोगी पडतो, कारण गंजाची पकड कंपनानं सुटते. स्टडवर हातोडी लागू देऊ नका. जुने नट स्टडच्या टोकाशी बरोबरीनं लावून ठेवले तर चुकून लागलेल्या घावात आटे वाचतात. ड्रम हबला चिकटला असेल तर मधल्या कडेभोवती गंज सोडवणारं तेल आदल्या दिवशी सोडून ठेवा. तिकडे प्लसगॅस नावाचं असं तेल सहज मिळतं. वर्कशॉपमध्ये आम्ही ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल समसमान मिसळून वापरायचो. ते डोळ्यांसमोर वेगळं होत राहतं, म्हणून प्रत्येक वेळी हलवून घ्यावं लागतं, पण काम करतं. तेल लायनिंगवर गेलं तर जाऊ द्या. ते शू आपण परत बसवणार नाही.

ॲडजस्टरबद्दल. एमजीबीत तो बॅकप्लेटच्या मागच्या बाजूनं पाव इंची चौकोनी टोकानं फिरतो, सैल करायला मागून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेला. त्याचं टोक गोल झालं याचं कारण बहुधा साधा उघडा पाना. त्यासाठी चौकोनी भोकाचा ब्रेकचा पाना वेगळा मिळतो. आता त्या टोकाला ग्रिप प्लायर घट्ट लावून पाहा. नाही फिरला तरी मार्ग आहे: ॲडजस्टर बॅकप्लेटला मागून दोन नटांनी धरलेला असतो. ते दोन्ही नट सोडले की तो आतल्या बाजूला ढकलता येतो आणि शूंना थोडी जागा मिळते. तेवढ्यानं ड्रम काठावरून सुटतो.

पाने निवडताना एक सांगतो, कारण भारतातून गेलेल्या माणसाच्या पेटीत मिलिमीटरचेच पाने असतात. या गाडीवर इंची माप आहे. अर्ध्या इंचाचा नट म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३ चा पाना बसतो, फिरतोही, आणि गंजलेल्या नटावर जोर आला की कोपरे खाऊन टाकतो. इंची सॉकेटचा एक संच घ्या, बारा कोनी नको, सहा कोनी घ्या.

तापवण्याचा मोह होईल. लाल होईपर्यंत तापवलं की काहीही सुटतं, हे बरोबर. पण हबच्या मागं रबराचं ऑइल सील आहे, बेअरिंग आहे, आणि डिकीखाली पेट्रोल आहे. या गाडीवर, घरच्या गॅरेजमध्ये, उघडी ज्योत वापरू नका असं मी स्पष्ट सांगतो. हीट गन चालेल, ड्रमच्या मधल्या भागावर, आणि त्याआधी तिथलं तेल पुसून घेऊन. आणखी एक, हे अनेक अनुभवी लोकांनाही माहीत नसतं: काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावक असतो. तो फवारलेला भाग तापवला किंवा वेल्ड केला तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. बिनक्लोरीनचा क्लीनर घ्या आणि तरीही तापवायच्या जागी तो वापरू नका.

ड्रम निघाला की आत काळी-तांबूस धूळ दिसेल. तोंडानं किंवा कॉम्प्रेसरनं फुंकू नका. ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसच्या लायनिंगवर बंदी १९९९ मध्ये आली. तुमच्या गाडीतले शू त्याच्या आधीचे नाहीत याची कोणीच खात्री देणार नाही. पाण्याचा हलका फवारा मारा, ओल्या फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बंद करा, मास्क लावा. कारागिरांच्या फुप्फुसांची काय अवस्था होते ते मी जवळून पाहिलं आहे, म्हणून इथं घाई करू नका.

आत ओल दिसली तर ती कशाची ते ओळखा. ब्रेक ऑइल पातळ असतं आणि पाण्यानं धुतलं जातं. म्हणजे सिलिंडर गळत होता. जाड, गंधकासारखा वास येणारं तेल असेल तर ते ॲक्सलचं, म्हणजे हबमागचं सील गेलंय. मग हब काढून सील बदलल्याशिवाय नवे शू बसवू नका, महिन्याभरात तेही भिजतील.

पाइपचा नट सिलिंडरमधून निघताना बहुतेक वेळा पाइपही सोबत पिळतो, कारण नट पाइपवरच गंजलेला असतो. त्याच्याशी भांडू नका. पाइप नटाच्या अगदी जवळ कापा आणि सहा कोनी सॉकेटनं नट काढा. त्याआधी ब्रेकच्या पॅडलवर काठी लावून ते थोडंसं दाबलेलं ठेवा. मास्टर सिलिंडरचं टाकीकडचं छिद्र बंद होतं आणि सगळं ऑइल जमिनीवर रिकामं होत नाही. ते ऑइल रंग खातं, सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा. नवा पाइप तांबं-निकेल मिश्रधातूचा घाला, तिकडे कुनिफर म्हणून मिळतो. तो मिठाला दाद देत नाही. ॲक्सलवर येणारा रबरी होजही याच वेळी बदला.

सिलिंडर बॅकप्लेटला मागून एका सर्क्लिपनं (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगसारख्या क्लिपनं) धरलेला असतो. ती काढताना मोडली तर मोडू द्या, नवी बसवायचीच आहे. बसवताना मात्र तिचा छळ प्रसिद्ध आहे: एक बाजू बसली की दुसरी उडते. आतून सिलिंडर आणि हब यांच्या मधे लाकडाची पाचर घालून सिलिंडर घट्ट दाबून ठेवा आणि बाहेरून क्लिपच्या मापाचा सॉकेट ठेवून ती सगळीकडून सारखी आत ढकला.

एकाच वेळी दोन्ही बाजू उघडू नका. उजवी बाजू जशीच्या तशी राहू द्या, स्प्रिंग कुठल्या भोकात जाते ते पाहायला तीच तुमचं पुस्तक आहे. डावी पूर्ण झाली की उजवी उघडा, आणि तिथंही शू, सिलिंडर, पाइप नवेच. एका बाजूला नवा आणि एका बाजूला जुना ब्रेक असलेली गाडी ओल्या रस्त्यावर मागून फिरते. ड्रमचा आतला पृष्ठभाग खड्डे पडलेला असेल तर लेथवर थोडा घासून घेता येतो, पण तळापर्यंत गंज गेला असेल तर नवा घ्या. सगळं बसवून, शू ॲडजस्ट करून, पाइपांतली हवा काढून झाल्यावरच हँडब्रेकच्या केबलला हात लावा. आधी केबल ओढून शूंची कमतरता लपवणं ही जुनी खोड आहे. चाकाचे नट ६० ते ६५ फूट-पौंडांवर आवळा. आणि मग, सूट असली तरी, स्वतःहून एमओटीला न्या. त्यांच्या रोलरवर डाव्या-उजव्या ब्रेकचा जोर आकड्यांत दिसतो. घरी तो तुम्हाला कधीच मोजता येणार नाही.

प्रश्न: वडिलांची स्टँडर्ड हेरल्ड रत्नागिरीला घरी आहे. पावसाळ्यानंतर हँडब्रेक जवळजवळ लागतच नाही, आणि मागचा ड्रम उघडला तर एकच शू झिजलेला, दुसरा नव्यासारखा. मिस्त्री म्हणतात सिलिंडर ठीक आहे, पिस्टन हलतो. मग असं का?

उत्तर: ताई, तुमचे मिस्त्री पिस्टनबद्दल बरोबर सांगताहेत, पण या गाडीत तेवढं पुरत नाही. मद्रासला बनलेली हेरल्ड ही कॉव्हेंट्रीच्या ट्रायम्फ हेरल्डची बहीण, आणि ट्रायम्फची स्पिटफायर ही दोन सीटची स्पोर्ट्‌स कार हेरल्डच्याच चासीवरून तयार झाली. या दोन्हींच्या मागच्या ब्रेकमध्ये सिलिंडर बॅकप्लेटला पक्का नसतो. तो एका खाचेत सरकतो. त्यात पिस्टन एकच. पॅडल दाबलं की पिस्टन एका शूला ढकलतो आणि सिलिंडर स्वतः उलट सरकून दुसऱ्या शूला ढकलतो. हँडब्रेकही या सरकण्यावरच चालतो. रत्नागिरीच्या खाऱ्या, ओल्या हवेत ती खाच गंजली की सिलिंडर तिथंच बसून राहतो, एकच शू काम करतो, आणि हँडब्रेक नुसता नावाला उरतो.

सिलिंडर काढून घ्या. मागं रबराची टोपी आणि एकमेकांत अडकवलेल्या पत्र्याच्या क्लिपा असतात, त्यांचा फोटो आधी काढा. खाचेच्या कडा बारीक कानशीनं आणि पॉलिश पेपरनं चकचकीत करा, सिलिंडरची मानही. बोटानं ढकलल्यावर तो हलका सरकला पाहिजे. मग ब्रेकसाठीचं ग्रीस अगदी पातळ लावा. रबराची टोपी फाटकी असेल तर नवी बसवाच, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात पाणी पुन्हा त्याच खाचेत जाणार. सिलिंडर नवा घ्यायचा झाला तर जुन्याचं आतलं माप पाहून घ्या, वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळी मापं आली आहेत.

ड्रम न निघाल्यास तीन पायांचा पुलर ड्रमच्या काठाला लावू देऊ नका. आणि हबला विनाकारण हात नको. तो निमुळत्या शाफ्टवर बसलेला असतो आणि त्यासाठी चर्चिल कंपनी खास जाड पुलर बनवायची. साध्या पुलरनं हबची कडा वाकते, तो नाही निघत.

प्रश्न: नाशिकमधला आमचा मेकॅनिक ब्रेकचे सिलिंडर डिझेलनं धुतो. चालतं का? आणि सिलिकॉनचं ब्रेक ऑइल घातलं तर गंज थांबेल का?

उत्तर: डिझेल, पेट्रोल, रॉकेल, इंजिन ऑइल, यांतलं काहीही ब्रेकच्या रबराला लागू नये. रबर फुगतं, पिस्टन अडकतो. सिलिंडर स्पिरिटनं किंवा ताज्या ब्रेक ऑइलनं धुवा आणि कोरडा करा.

ब्रेक ऑइलचे दर्जे ‘डॉट’ क्रमांकानं ओळखतात. डॉट ३ आणि डॉट ४ ही ग्लायकॉलची ऑइलं हवेतलं पाणी शोषून घेतात. नव्या डॉट ४ चा उकळबिंदू किमान २३० अंश असतो, पाणी शोषल्यावरची मर्यादा १५५. तेच पाणी सिलिंडर आतून गंजवतं. डॉट ५, म्हणजे सिलिकॉन, पाणी शोषत नाही, पण शिरलेलं पाणी खोलगट जागी थेंब होऊन बसतं आणि नेमकं तिथंच खातं. शिवाय ते जुन्या ऑइलमध्ये मिसळत नाही, म्हणून सगळी रबरं बदलून, पाइप रिकामे करून, कोरडे केल्याशिवाय घालता येत नाही. रोज किंवा आठवड्याला चालणाऱ्या गाडीत मी डॉट ४ घालतो आणि दर दोन वर्षांनी बदलतो. डॉट ५.१ हे नावानं जवळचं असलं तरी ग्लायकॉलचंच आहे, सिलिकॉन नव्हे. दुकानदार पुष्कळदा एकाऐवजी दुसरं देतात, डब्यावरचा मजकूर स्वतः वाचून घ्या.